कांद्यांविना कांदाचाळ

कोणतीही इमारत ज्यासाठी बांधली, ते बाहेर काढल्याशिवाय तिचे सौंदर्य दिसत नाही, हे वास्तुकलेतले एक गंभीर सत्य आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरून निघणाऱ्या 'कोरी भिंत' या ऑनलाइन मासिकाने ते नऊ वर्षे निष्ठेने जपले आहे. त्यांच्या फोटोंतल्या स्वयंपाकघरात भांडे नसते, शाळेत मूल नसते आणि दवाखान्यात आजारी माणूस नसतो. (एकदा संडासाचा फोटो आला होता. त्यात फुलझाडाची कुंडी होती.)

पिंपळगाव बसवंतजवळच्या सहादूला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला आपली कांदाचाळ ठाऊक होती. बांबूच्या पट्ट्यांच्या भिंती, पट्ट्यांमध्ये बोटभर फट. वारा आत यावा, कांदा बाहेर पडू नये, एवढाच विचार. वैशाखात त्याने तीत ऐंशी क्विंटल उन्हाळी कांदा भरला. तो दिवाळीपर्यंत टिकवायचा होता. चारच दिवसांनी चाळीसमोर एक गाडी पंक्चर झाली आणि मासिकाच्या संपादक शुभांगी मॅडम खाली उतरल्या.

"काका, या भिंती श्वास घेतायत!"

"घ्यायलाच पाहिजे. नायतर माल सडतो."

"आर्किटेक्ट कोण?"

सहादूने मागे वळून पाहिले. मागे फक्त म्हैस होती.

"मीच," तो म्हणाला. हे तू कसे बांधलेस, असे साठ वर्षांत त्याला कुणी विचारले नव्हते. गडी तिथेच विरघळला.

चाळीचा फोटो मासिकात छापायचे ठरले आणि मेलवर अटी आल्या. आशय (म्हणजे कांदा) छायाचित्रणापूर्वी हलवावा. घमेली, दोर आणि मालक चौकटीबाहेर ठेवावेत. म्हशीबाबत निर्णय जागेवर घेतला जाईल.

"अहो, कांदा काढून चाळीचा फोटो?" त्याची बायको विमलाबाई म्हणाली. "मग नवरदेव उतरवून वरातीचा पण काढा!"

"तुला कला कळत नाय."

"मला वळीव कळतो. वर बघा जरा."

सहा मजुरांनी दिवसभर खपून कांदा अंगणात आणला आणि त्यावर ताडपत्री घातली. पहिल्या दिवशी उजेड 'आग्रही' निघाला, दुसऱ्या दिवशी 'अबोल'. तिसऱ्या दिवशी तो जमला, पण ताडपत्रीची निळी झाक भिंतीवर पडू लागली.

"काका, पाचच मिनिटं काढता?"

सहादूने ताडपत्री स्वतःच्या हाताने ओढली. (मासिकाच्या पाच मिनिटांची नऊ वर्षांची सरासरी बावन्न मिनिटे आहे.) एकेचाळिसाव्या मिनिटाला वळवाची सर आली. ओल्या उजेडात फोटो फारच सुंदर आला.

विमलाबाई भिजलेला कांदा वेगळा काढत बसली. सहादू शेजारी टेकला.

"बोल की काहीतरी."

"काय बोलू, आर्किटेक्टसाहेब? ते पोतं सरकवा इकडं."

भिजलेला कांदा दिवाळी बघणार नव्हता. वरून वाळवून तो त्याच आठवड्यात बाजारात धाडावा लागला. फोटोला लाइकचे चार हजार तीनशे बारा बदाम मिळाले. एकसष्ट जणांनी बाल्कनीसाठी आर्किटेक्टचा नंबर मागितला. आत काय ठेवतात, हे कुणीच विचारले नाही.

तुम्हीही नाही. तुम्ही फोटोखाली 'अप्रतिम शांतता' एवढेच लिहिलेत, मोबाइल ठेवलात आणि कांदा चिरायला घेतलात. तो आतून काळा निघाला, तेव्हा खाली जाऊन भाजीवाल्याला चांगले फैलावर घेतलेत. त्या बिचाऱ्याने मुकाट्याने बदलून दिला. तुम्हाला आवडलेल्या त्याच फोटोसाठी तो कांदा पावसात बाहेर बसला होता, हे त्याला कुठे ठाऊक!