तीन बाल्कन्यांचा दोरा

चूक तुमची आहे, साहेब. लॉकडाऊनमध्ये घरात पाहुणा घ्यायचा नाही, हा नियम तुम्ही आरोग्य खातेवाल्यांनी काढलात. आजारातून उठलेल्या माणसाला भेटायचं कसं, ते मात्र तुमच्या एकाही पत्रकात नव्हतं. पुढचं सगळं त्यामुळे घडलं.

सिडनीच्या पॅरामॅटातल्या चौथ्या मजल्यावरचा मुरलीधर कोविडमधून वाचून हॉस्पिटलमधून घरी आला. आला म्हणजे नुसतं शरीर आलं. दहा दिवस सोफ्यावर बसून भिंत बघत होता. बायकोने, चित्रलेखाने, पिठलं केलं, थालीपीठ केलं, शेवटी भांडून पाहिलं. तो उलटून भांडेना, तेव्हा मात्र ती घाबरली आणि बाल्कनीत जाऊन रडली.

एक बाल्कनी सोडून पलीकडे बुआवान आंटी राहतात. मूळच्या लाओसच्या. त्यांनी तिथूनच निदान केलं.

"अगं, माणसात बत्तीस ख्वान असतात. जीवच समज. घाबरले की पळतात. याचे हॉस्पिटलातच राहिलेत. बोलवायला हवेत, आणि आले की मनगटाला दोरा बांधून थांबवायला."

"तुम्हाला घरात घेतलं तर दंड होईल, आंटी."

"मी कुठे येतेय? दोरा येईल."

शनिवारी आंटींनी ख्वानांना उतरायला केळीच्या पानांचा सुळका रचला, घडीवर घडी, वर झेंडू. तो बघून चित्रलेखाला आपल्या आठवड्यापूर्वीच्या मोदकांच्या कळ्यांची लाज वाटली. मग मॉपच्या दांड्याला बांधून पांढरा दोरा निघाला. मधल्या बाल्कनीतल्या लिआंग अंकलनी तो पुढे सरकवला, चित्रलेखाने मुरलीधरला ओढत बाहेर आणून त्याच्या मनगटाला बांधला.

"दोरा माझ्या घरावरून चाललाय," लिआंग अंकल म्हणाले, "तर माझे कंदील टांगू का? आमचा चंद्राचा सण आलाय, नि नातवंडं पाच किलोमीटरच्या हद्दीपलीकडे."

"टांगा. पण हलके. नाहीतर मुरली खाली जाईल," चित्रलेखा म्हणाली.

अंकलनी कागदी कंदील टांगले. ऐंशीचा माणूस, पण ब्रशच्या एका फटकाऱ्यात मासा, तोही शेपूट हलवणारा! समोरच्या बिल्डिंगमधले लोक बाल्कन्यांत येऊन टाळ्या वाजवू लागले. त्यांतल्याच कोणीतरी तुम्हाला फोन केला, साहेब.

इकडे आंटींनी हाक सुरू केली, "नदीतून या रे, रानातून या, हॉस्पिटलच्या लिफ्टमधून या!"

पाच मिनिटं त्या हाका मारत राहिल्या. मग मुरलीधर खेकसला, "चित्रा, गाठ आहे की फास? आणि भूक लागलीय मला. दहा दिवस पिठलंच का चाललंय या घरात?"

"पिठलं एकदाच केलं होतं!"

"खोटं बोलू नकोस!"

भांडत होता! चित्रलेखा हसता हसता रडायला लागली.

नेमका तेव्हाच तुमचा माणूस टॅब्लेट घेऊन खाली उभा राहिला आणि ओरडला, "मॅडम, त्या घरात आज किती जण आले?"

आनंदाच्या भरात आंटींनीच उत्तर दिलं, "बत्तीस! सगळे आले! एकही मागे राहिला नाही!"

"आणि सगळे जेवणार आहेत!" चित्रलेखाने वरून सांगितलं.

त्याने शांतपणे लिहून घेतलं. आज सकाळी तुमचा हुकूम दारात येऊन पडला: या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या बत्तीस बाहेरच्या व्यक्तींनी उद्या संध्याकाळी पाचच्या आत निघून जावं.

तर साहेब, बोला. त्या बत्तीसांतला आधी कोणता बाहेर काढायचा? भूक काढू, की भांडण? लेखी कळवा. पाचच्या आत.