टिंबाला पाय फुटले

“बत्तीस वर्षांत माझ्या नजरेतून एक टिंब सुटलेलं नाही! आणि सुटणारही नाही!”

मंडळी, छापखान्यात ही डरकाळी रोज ऐकू यायची. डरकाळी फोडणारे तिथले मुद्रितशोधक. छापायच्या आधी ओळ न् ओळ वाचायची आणि तांबड्या शाईनं चुका काढायच्या, हे त्यांचं काम. सगळे त्यांना टिंबराव म्हणत. खरं नाव काय, हे त्यांच्या बायकोलासुद्धा क्षणभर आठवावं लागे.

आणि नेमकं एक टिंब दगा देऊन गेलं. ‘दुकान भाड्याने देणे आहे’ ही जाहिरात ‘दुकान भांड्याने देणे आहे’ अशी छापून आली. सकाळी आठ वाजता तीन माणसं पातेली घेऊन दुकानवाल्याच्या दारात उभी! एक तर झाकणासकट!

छापखान्याच्या मालकांनी टिंबरावांना बोलावून घेतलं.

“डोळे तपासून या. दुपारी एकच्या आत डोळे शाबूत असल्याचा दाखला माझ्या टेबलावर पाहिजे. नाही तर उद्यापासून बांधणी विभागात बसायचं. पुठ्ठ्यांना खळ लावायला!”

खळ! ज्या बोटांनी बत्तीस वर्षं भल्याभल्या लेखकांचे ऱ्हस्व-दीर्घ सरळ केले, त्या बोटांना खळ! टिंबराव तणतणत निघाले. “तुम्ही डॉक्टरशी भांडाल,” म्हणून बायकोही पाठोपाठ निघाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांची खोली बोगद्यासारखी लांबट होती. एका टोकाला पेशंटची खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता, त्याच्यावर दिवा आणि तक्त्याच्या बरोबर खाली, तक्त्याकडे पाठ करून बसलेले डॉक्टर. तक्ता त्यांना इतका पाठ होता, की गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी मान वळवून तो पाहिलाच नव्हता.

“हं, तिसरी ओळ वाचा.”

तिसऱ्या ओळीत तीन अक्षरं होती. टिंबरावांनी खाडकन् वाचलं, “गंमत!”

“गंमत नको. वाचा.”

“वाचलं की! गंमत!”

“अहो काका, मला बाहेर नऊ पेशंट आहेत. गंमत पुरे. ग, म, त. असं सुटं वाचायचं.”

“सुटंच वाचतो. गं, म, त. ग वर टिंब आहे!”

“नाही.”

“आहे!”

“हा तक्ता माझा आहे!”

“आणि टिंब माझं आहे!”

“झालं सुरू,” बायको पुटपुटली.

डॉक्टरांनी दीर्घ श्वास घेतला. “बरं. चौथी ओळ.”

चौथी ओळ होती ‘द ड प’. टिंबराव वाचू लागले आणि मध्येच थबकले. ग वरचं टिंब तिथे नव्हतंच! ते तुरुतुरु चालत, थांबत, पुन्हा चालत खाली आलं आणि द च्या डोक्यावर जाऊन बसलं.

“दंड,” टिंबराव क्षीण आवाजात म्हणाले.

“काय?”

“डॉक्टर, टिंब खाली उतरलं. त्याला पाय आहेत.”

डॉक्टरांनी पेन उचललं. “किती पाय?”

“मोजतोय. आठ. आणि ते वळून माझ्याकडे बघतंय हो! पुढचे दोन डोळे हे एवढाले, मोटारीच्या दिव्यांसारखे!”

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहू लागले. टिंबरावांना ती लेखणीची कुरकुर काळजात ऐकू येत होती. पण करतात काय? तक्त्यावर तेवढ्यात एक माशी येऊन बसली! पाचव्या ओळीच्या शेवटी ‘न म’ होतं. म च्या उजव्या अंगाला वर माशी, खाली तिच्या मागावर उतरलेलं टिंब!

“नमः!” टिंबराव ओरडले.

“आता संस्कृतही?”

“विसर्ग झालाय! दोन टिंबं! अहो, वळून बघा ना एकदा!”

डॉक्टर वैतागून वळले. पण टिंबाची अक्कल बघा! समोरून गेलो तर माशी उडेल, हे त्यानं ओळखलं होतं. माशीकडे पाठ फिरवून ते सरळ उलट्या दिशेला निघालं आणि चौकटीच्या मागे दिसेनासं झालं. डॉक्टर वळायला आणि टिंब लपायला एकच गाठ. विसर्गातली उरलेली माशीसुद्धा त्याच क्षणी उडून दिव्यामागे गेली.

तक्ता स्वच्छ! धुतल्या तांदळासारखा!

“बाई,” डॉक्टर टिंबरावांच्या बायकोला म्हणाले, “तुम्ही सांगा. तुम्हाला तक्त्यावर टिंब दिसलं?”

बायकोनं डोळे बारीक केले. मान पुढे काढली. मागे घेतली.

“कुठल्या तक्त्यावर?”

“वैरीण आहे ही!” टिंबराव कपाळाला हात लावून म्हणाले.

डॉक्टर पुन्हा बसले आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले, “नजर तीक्ष्ण. परंतु नसलेल्या गोष्टी दिसतात, व त्या यांच्याकडे बघतात.”

बत्तीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यात बुडत होती. आणि तेवढ्यात माशी परत पाचव्या ओळीवर येऊन बसली. चौकटीच्या वरच्या कडेवरून दोन मोठे डोळे हळूच वर आले. एवढा वळसा घालून स्वारी माशीच्या बरोबर डोक्यावर पोचली होती! टिंबरावांनी श्वास रोखला. ते बोटभरसुद्धा नसलेलं जनावर मांजरासारखं दबकलं. एक पाऊल. थांबलं. अर्धं पाऊल. पोटाचं टोक चौकटीला टेकवून धागा चिकटवला, मागचे पाय आवळले...

“डॉक्टर, हलू नका.”

“का?”

“टिंब उडी मारतंय.”

“तुम्हाला विश्रांतीची...”

झपकन् झडप! माशीसकट टिंब तक्त्यावरून सुटलं, धाग्याला लटकलं, झोका घेत खाली आलं आणि डॉक्टरांच्या नाकासमोर येऊन थांबलं. तोंडात माशी. आठही डोळे डॉक्टरांकडे.

“आई गं!” डॉक्टर खुर्चीसकट मागे कलंडले. भिंगांची पेटी उपडी झाली. बाहेरचे नऊच्या नऊ पेशंट दारात गोळा झाले. “कोळी! कोळी!”

“कोळी नाही,” टिंबराव शांतपणे म्हणाले, “अनुस्वार.”

मग काय! डॉक्टरांनी पहिला कागद टराटरा फाडला आणि दुसरा लिहून दिला: ‘यांच्या डोळ्यात काही दोष नाही. अशी नजर मी पाहिली नाही.’ खाली सही, शिक्का. बायकोच्या हातात मात्र जाड भिंगांच्या चष्म्याची चिठ्ठी पडली.

एकला दहा कमी असताना दोघं छापखान्याच्या पायऱ्यांशी पोचली. टिंबरावांनी दाखला काढून पुन्हा वाचला आणि त्यांचा चेहरा आंबला.

“डोळ्यात? डोळे किती आहेत मला? दोन! अनेकवचन! ‘डोळ्यांत’ पाहिजे!”

“अहो, राहू द्या.”

“चूक ती चूक!”

“अहो, पाया पडते, खिशात ठेवा ते पेन!”

पण माशी दिसल्यावर कोळी थांबतो होय? तांबडं पेन खिशातून निघालंसुद्धा!

मालकांनी दाखला वाचला. उजेडाला धरला. चष्मा वर केला, खाली केला.

“हे लाल काय आहे?”

“टिंब, साहेब. राहिलं होतं.”

“डोळे तपासायला पाठवला, तर हा माणूस दाखलाच तपासून आला! अहो, खाडाखोड केलेला दाखला चालतो का कुठे?”

“पण साहेब,” टिंबराव ताठ मानेनं म्हणाले, “टिंब बरोबर आहे की नाही, ते सांगा!”

मालकांनी पुन्हा एकदा नीट बघितलं.

“अगदी बरोबर आहे,” ते म्हणाले. “आणि खळ डावीकडच्या बादलीत आहे.”