पसीना नसलेला समुंदर

मे महिन्यात बनारसच्या गल्ल्या तव्यासारख्या तापलेल्या असतात. तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरचे विसूकाका मुळ्ये लोकरीची माकडटोपी घालून बसतात. अंगात बनियन, कमरेला पंचा आणि डोक्यावर टोपी. कुणी विचारलं तर म्हणतात, "सवय करतोय." कसली सवय, हे सगळ्या गल्लीला पाठ आहे. काकांना घर घ्यायचंय. तेही पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे सहा-सहा महिने बर्फ असतं, दारासमोर समुद्र असतो आणि माणसं निघून गेल्यामुळे घरं मातीमोल भावाने मिळतात, अशा ठिकाणी.

"अहो काका, पण टोपीची सवय उन्हाळ्यात कशाला?" मी एकदा विचारलं.

"थंडीत सगळेच टोपी घालतात ताई. त्यात रियाज कसला?"

जानेवारीत ही टोपी उतरते. धुक्यात समोरची नावसुद्धा दिसत नसते आणि काका पंचगंगा घाटाच्या शेवटच्या पायरीवर गंगेत पाय सोडून उघडे बसलेले असतात. दात वाजतात, पण चेहरा परीक्षेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा.

तीन वर्षांपूर्वी बँकेने साताऱ्याहून माझी बदली इथे केली. मराठी शेजार मिळतोय म्हणून घाटावरच्या या जुन्या घरात मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शेजार असा निघेल याची कल्पना नव्हती. काका भिक्षुक. वय चौऱ्याहत्तर, मूलबाळ नाही, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरांच्या वास्तुशांती केल्या आणि स्वतः राहिले भाड्याच्या खोल्यांत. त्यातल्या एका खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी जगाचा एक नकाशा आहे. विषुववृत्ताच्या खालचा भाग मागे दुमडून त्यावर खिळा मारलेला. "तो हिस्सा आपल्या कामाचा नाही," असं त्याचं स्पष्टीकरण.

मला इंग्रजी येतं आणि नाही म्हणता येत नाही. या दोन दोषांमुळे काकांचा सगळा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला. मोबाइलवर ते घर शोधून काढायचे आणि मी मेल लिहायची. पैशाची सोय होती. कुठून, ते मी सांगणार नाही. बँकेत काम करणाऱ्याने एवढं पथ्य पाळायला हवं.

काकांचे प्रश्न तीन. पहिला, "तिथे पसीना येतो का?" बर्फात बुडालेल्या गावातल्या दलालाला हे विचारताना माझी बोटं अडखळायची. पण काकांना लेखी उत्तर हवं असे. दुसरा, "दाराचं तोंड कुठे?" दार दक्षिणेला असलं, की घर बाद. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. नॉर्वेतलं एक सुरेख लाल घर त्यांनी एवढ्यावरून नाकारलं, आणि वर दलालाला कळवायला लावलं की दार बुजवून पूर्वेला काढलंत तर आम्ही विचार करू. त्या माणसाचं उत्तर आलं नाही. मला आश्चर्य वाटलं नाही.

तिसरा प्रश्न होता, "गावातली शाळा चालू आहे का?"

हा मी लिहीतच नसे. आधीच दोन प्रश्नांनी आपली शोभा झालेली, त्यात हा कशाला? जिथे घरं ओस पडलीत तिथे शाळा कुठून असणार आणि ह्या वयात ह्यांना ती हवी कशाला! म्हातारपणी संस्कृतचे वर्ग काढायचे असतील, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. "शाळेचं काय म्हणतात?" असं काका दर वेळी विचारत आणि मी दर वेळी सांगे, "त्याचं काही लिहिलं नाही बुवा त्यांनी."

गल्लीला मात्र या घराने फुकटची करमणूक दिली होती. मल्लू नाववाला काकांना पाहिलं की ओरडायचा, "ए गुरु, सारी दुनिया मरे बदे कासी आवेले, अउर तू भागत हउआ!"

त्याचं काही चुकत नव्हतं. काशीत मरण आलं की थेट मोक्ष, पुन्हा जन्म नाही, या भरवशावर कुठून कुठून म्हातारी माणसं इथे येऊन दिवस मोजत बसतात. आणि काका रोज सकाळी म्हणायचे, "मरायच्या आत इथून निघायला पाहिजे ताई. जल्दी करा." त्यांना खरोखरच घाई होती.

"मग पूल ओलांडून रामनगरला घर घ्या की," मी चेष्टेने म्हटलं. "रिक्षाने जाता येईल."

"रामनगरला मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा," काका गंभीरपणे म्हणाले. "गाढवाला कोण ओळखणार?"

मी पोट धरून हसले. त्यांना कुणीतरी ओळखायला हवं होतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

अखेर या फेब्रुवारीत न्यूफाउंडलंड बेटावरचं एक पिवळं घर काकांच्या पसंतीस उतरलं. घाम नाही, दार पूर्वेला, खिडकीतून समुद्र. विकणारी बाई शीला नावाची. नाव ऐकताच काकांनी तिचं गोत्र विचारायला सांगितलं. तेही मी लिहिलं नाही. पण बाई फार भली होती. आमच्या सगळ्या चौकशांना ती मोठ्या मनाने उत्तरं द्यायची, आणि "मिस्टर मुळ्ये यांची तब्येत कशी आहे?" असं शेवटी न चुकता विचारायची.

घर अजून घेतलेलं नव्हतं, तरी उन्हाळा लागताच काकांनी वास्तुशांतीचा मुहूर्त काढला. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. काकांनी पाट मांडला, कलश ठेवला, मोबाइल तांब्याला टेकवला आणि खणखणीत आवाजात मंत्र सुरू केले. पलीकडे शीलाबाई जाड कोट घालून त्या रिकाम्या घराच्या स्वयंपाकघरात हात जोडून उभ्या. मंत्र झाले. आता नव्या घराच्या चुलीवर दूध उतू जायला हवं. मी आधीच कळवलं होतं, त्यामुळे पातेलं तयार होतं.

दूध वर आलं आणि शीलाबाईंनी चपळाईने पातेलं उतरवलं.

"उतू जाऊ द्या," मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. दूध पुन्हा वर आलं, त्यांनी पुन्हा उतरवलं. तिसऱ्यांदा त्या हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या, तोंडाने हो-हो म्हणाल्या, आणि फेस काठाला आला तशी झडप घालून दूध वाचवलंच. मग स्वतःवरच चिडून माझी माफी मागू लागल्या.

मला वाटलं, काका अपशकुन म्हणून घर रद्द करणार. पण ते मोबाइलकडे बघत बसले होते.

"राहू दे," ते म्हणाले. "त्यांना सांगा, काही बिघडलं नाही. आमची हीपण अशीच होती. एक्केचाळीस वर्षांत घरात दूध उतू गेलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी जरा उशिराच शहाणपणा केला आणि तिकडचे नियम वाचले. घर विकत घेता येतं, पण घर आहे म्हणून तिथे कायमचं राहता येत नाही. पाहुणा म्हणून फार तर सहा महिने. संध्याकाळी वर जाऊन मी चाचरत हे सांगितलं.

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणजे त्या सहा महिन्यांतच मरायला पाहिजे?"

"काका, असं काय बोलता? आणि मरायचंच असेल तर इथे काय वाईट आहे? मोक्ष मिळतो म्हणता ना?"

"मिळतो. म्हणून तर इथे नको."

मग ते टोपीकडे बघत बोलत राहिले. काकू कोकणातल्या, समुद्राकाठच्या. लग्न होऊन बनारसला आल्या आणि इथल्या उन्हाने हैराण झाल्या. उन्हाळाभर पाठीवर घामोळं. रात्री काका त्यांना पंख्याने वारा घालायचे, तेव्हा त्या म्हणायच्या, "पुढचा जन्म पसीना नसलेल्या समुंदरावर घेईन. यायचं तर या तुम्ही." सात वर्षांपूर्वी त्या भाच्याच्या लग्नाला माहेरी गेल्या. कार्तिक महिना, घाटावर यजमानांची रीघ, म्हणून काका गेले नाहीत. काकू तिथेच ताप येऊन वारल्या.

"ती काशीच्या बाहेर गेली. म्हणजे तिला पुन्हा जन्म आहे," काका म्हणाले. "आणि मी इथे मेलो की सुटलो. मग कुठे भेटणार? हजार लोकांना मी या घाटावरून पार केलंय ताई. मला नाही पार व्हायचं."

रामनगरच्या गाढवावर पोट धरून हसलेली मी आठवली आणि माझीच मला लाज वाटली.

"मेल्यावरचं मेल्यावर," ते पुढे म्हणाले. "पण ती आता सहा वर्षांची असेल. लांबून बघायचं फक्त. बोलणार नाही काही. अंगावर घामोळं नाही ना, एवढं बघायचं. म्हणून विचारत होतो शाळेचं. पण कुणी जवाबच देत नाही."

प्रश्न मी कधी पाठवलाच नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. "आता लिहा," एवढंच म्हणाले.

त्या दिवशीच्या मेलमध्ये मी घामाचं विचारलं नाही, दाराचंही नाही. एकच प्रश्न विचारला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पिवळ्या घराच्या गावातली शाळा कधीच बंद झाली होती. पण पलीकडच्या खाडीवरच्या गावात एक शाळा अजून चालू होती. पाच मुलं, एक बाई. सगळ्यात धाकटी मुलगी याच वर्षी पहिलीत आलेली. शाळेसमोर एक लहानसं घर विकायला होतं. मात्र मिस्टर मुळ्ये यांना ते आवडणार नाही, असं शीलाबाईंनी खेदाने लिहिलं होतं. त्या घराला एकच दार होतं, आणि ते दक्षिणेला.

मी मराठीत सांगत गेले. काकांनी धाकट्या मुलीपर्यंतचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग माकडटोपी डोक्यावर चढवली आणि कानांवर नीट ओढून घेतली.

"लिहा," ते म्हणाले, "दक्षिणेला असलं तरी चालेल."