खिडकीतून पलंग

आर्मेलचा पलंग मोडला त्याला अकरा दिवस झाले होते. अकरा दिवस ती जमिनीवर गादी टाकून झोपत होती आणि रोज सकाळी उठताना कंबर धरून नवऱ्याचा, एर्वेचा, उद्धार करत होती. नवा पलंग घेतला होता, पण चढवायचा कुठून? फ्रान्समधल्या रेन शहराच्या जुन्या गल्लीतलं त्यांचं घर लाकडी सांगाड्याचं, साडेचारशे वर्षांचं, सरकारने जपायला घेतलेलं. जिना असा गोल की माणूस वर पोचतो हेच नशीब. मोडलेला पलंग एर्वेच्या आजोबांनी वरच्या खोलीतच बसून ठोकला होता.

"खिडकीतून घेऊ," एर्वे म्हणाला. "मधला उभा दांडा तेवढा काढावा लागेल."

"आणि परवानगी?"

"अर्ज केला तर उन्हाळा उजाडेल! बारा ते दोन वारसा खात्याची अख्खी कचेरी जेवायला जाते. तेवढ्यात उरकून टाकू. कुणाच्या बापाला कळत नाही."

साडेअकराला दोन हमाल सामान बाहेरून चढवायची शिडीगाडी घेऊन आले. बाराचे ठोके पडले तसं एर्वेने खुंट्या ठोकून काढल्या आणि दांडा उपसला. पलंग निघाला, पहिल्या मजल्यापर्यंत आला आणि थांबला.

"काय झालं हो?" एर्वे वरून ओरडला.

"बारा वाजून गेले की! जेवून येतो," खालून उत्तर आलं, आणि हमाल किल्ली खिशात टाकून चालते झाले. साहेबांची जेवणाची वेळ हिशेबात धरणाऱ्या या शहाण्याला हमालांनाही पोट असतं हे काही सुचलं नव्हतं. आता काय म्हणावं याला!

आणि समोरच्या खानावळीत, बाहेरच्याच टेबलावर, वारसा खात्याचे तांगीसाहेब सॉसेज घातलेलं कुट्टूचं धिरडं खात होते. हवेत लोंबणारा पलंग आणि वर बोळकं झालेली खिडकी, दोन्ही त्यांच्या अगदी समोर होतं.

आर्मेल धावत खाली गेली. "साहेब, त्याचं असं झालं—"

"बाई, जेवताना मी कामाचं बोलत नाही. दोनला येतो."

पुढचे दोन तास नवरा-बायको वर भांडत बसले.

"बसव तो दांडा परत!"

"मग पलंग कुठून घेऊ? तुझ्या डोक्यावरून?"

"डोकं असतं तर ही वेळ आली असती का?"

दोनच्या ठोक्याला साहेब हजर. त्या कचेरीतलं कुणी वेळेवर आल्याचं आर्मेलने जन्मात पाहिलं नव्हतं. हमाल मात्र अजून जेवणाअखेरच्या चीजवरच होते.

"दांडा बसवा. आत्ता, माझ्यासमोर. मग रीतसर अर्ज करा," साहेब म्हणाले. एर्वेने मुकाट्याने बसवला. अडीचला हमाल तोंड पुसत आले, खिडकी बघून "मग बोलावलं कशाला?" म्हणाले आणि पलंग उतरवून परत घेऊन गेले.

आर्मेलचा बांध फुटला. "घरं जपा, घरं! माणसांनी फरशीवर लोळून मरायचं! तुमच्या घरी पलंग कुठून चढवलात, तेवढं सांगा मला."

"माझा? लिफ्टमधून."

"लिफ्ट? जुन्या घराला?"

"नाही हो, मी नव्या वसाहतीत राहतो, सातव्या मजल्यावर." साहेबांनी त्या वाकड्यातिकड्या तुळयांकडे मोठ्या मायेने पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "असल्या घरात कोण राहील, बाई? साधा पलंग आत जात नाही!"