फ्रीजर क्रमांक तीनचा सखोल अभ्यास

संकट आल्यावर जी कोसळते ती इमारत आणि जी समिती नेमते ती संस्था. आमची बहुविद्याशाखीय विज्ञान संशोधन संस्था या व्याख्येत चपखल बसते. आजवर तिने दोन आगी, एक पूर आणि नऊ संचालक पचवले आहेत (पैकी एक आग संचालकांच्याच निरोप समारंभात लागली होती). संस्थेच्या या चिवटपणाचा मी अधिकृत अभ्यासक आहे. म्हणजे तशी खोली आहे, खोलीला पाटी आहे आणि पाटीवर माझं नाव आहे. तेव्हा घडलेला प्रकार मीच सांगणं रीतीला धरून होईल.

फ्रीजर क्रमांक तीन तळमजल्याच्या बोळात उभा आहे. आतला माल जीवशास्त्राचा, यंत्राची देखभाल भौतिकशास्त्राकडे, आणि सॉकेट ज्या भिंतीत आहे ती भिंत रसायनशास्त्राची. आत मातीबाईंच्या अकराशे चाळीस कुप्या. मातीबाई म्हणजे आमच्या जिवाणूतज्ज्ञ. चौदा वर्षं एका डोंगरउतारावरची माती उकरून त्यांनी पिकांची मूळकूज रोखणारे जिवाणू जमवले. तो उतार आता धरणाच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे ते जिवाणू सबंध जगात आमच्या बोळातच काय ते उरले होते. लेकीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे जाताना बाई म्हणाल्या, "सर, एवढं फ्रीजरकडे लक्ष असू द्या हं. माझा जीव आहे त्यात."

"निर्धास्त जा," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी फ्रीजर वाजायला लागला. (टीं.)

पहिली दखल सफाईच्या मावशींनी घेतली. "साहेब, पिन सैल झालीय. खोचू का?"

"हात लावू नका, मावशी!" मी ओरडलोच. "मूळ स्थिती बिघडेल!" मोजमापाआधी हस्तक्षेप म्हणजे शास्त्राशी गद्दारी, हे त्यांना कोण समजावणार? (टीं.)

"बरं बाबा, तुमचं तुम्ही बघा," म्हणत मावशी बादली उचलून पुढे गेल्या.

मग सात विभागांची समिती बसली. भौतिकशास्त्राने आवाजाची कंप्रता तीन दशांश स्थळांपर्यंत मोजली. रसायनशास्त्राने दाराखाली साचलेल्या पाण्याचं पृथक्करण करून ते पाणीच असल्याचा निर्वाळा दिला. (टीं.) मानसशास्त्राने एकशे सहा कर्मचाऱ्यांची पाहणी केली. पहिल्या दिवशी आवाजाने एकोणनव्वद टक्के लोक हैराण होते, सहाव्या दिवशी फक्त अकरा टक्के (त्यातले दोघे एरवीही हैराणच असतात). गणिताने त्याचा आलेख काढला. काय तो उतरता वक्र! मला अक्षरशः भरून आलं.

चिवटपणा म्हणजे आणखी वेगळं काय असतं हो? धोक्याची घंटा कानाशी वाजत असताना माणसं शांतपणे काम करतायत, डबे खातायत, एकमेकांचे शोधनिबंध नाकारतायत. सहा दिवसांची आकडेवारी भरपूर झाली. मी दार लावून लिहायला बसलो ते 'अखंड धोक्याच्या सूचनेशी जुळवून घेण्याची संस्थात्मक क्षमता' हा बेचाळीस पानी निबंध हातावेगळा करूनच उठलो. संचालकांनी प्रस्तावना वाचली आणि माझी पाठ थोपटली. निबंध छापायला घेतला हे कळलं त्या दिवशी मी घरी बायकोलाही वाचून दाखवला. तिसऱ्या पानावर तिला कुकर आठवला.

तीन आठवड्यांनी बाई परतल्या. आधी फोनवर नातीचे फोटो दाखवले, मुठी कशा घट्ट आवळते ते दाखवलं. मग बोळात जाऊन त्यांनी फ्रीजरचं दार उघडलं. आंबूस भपकारा आला. बाई आहे तिथे, ओल्या फरशीवरच बसल्या.

"सर, हा वाजला नाही का हो?"

"वाजला ना! असा तसा नाही. त्यावरच तर निबंध लिहिलाय. आभारांत पहिलं नाव तुमचंच आहे."

बाईंनी निबंध हातात घेतला. उघडला नाही. "मग वाजायचा थांबला कधी?" त्यांनी विचारलं.

मी पानं चाळली. आवाज केवढा, कुणाला किती, कितव्या दिवशी, सगळं होतं. तो थांबला कधी, म्हणजे वीज तुटल्यावर ज्या बॅटरीवर तो वाजत होता ती संपली कधी, हे बेचाळीस पानांत कुठेच नव्हतं. सातही विभागांना विचारलं. कुणालाच सांगता येईना. लाज वाटली मला. इतकी, की त्या लाजेवर टिपण लिहावं असंही मनात आलं नाही.

बादली घेऊन आलेल्या मावशींनी वाकून पिन खोचली. फ्रीजर घुं करून सुरू झाला (लागलेला वेळ: दोन सेकंद, ही नोंद मी केली). मग त्यांनी बाईंना हाताला धरून उठवलं आणि फरशी पुसली.

संस्था टिकली, हे सांगायला नकोच. निबंधाला पुरस्कार मिळाला.

एव्हाना तुम्ही मला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या असतील. हासडा, त्याच लायकीचा आहे मी. फक्त एक सांगा. वर कंसात जो आवाज वाजत होता, तो नेमका कुठे थांबला?