अपराजित डिलेनी

आयोवातल्या आमच्या मेपल फोर्क गावात मुलीला कुस्ती येणं हा दोष मानला जात नाही. ड्वेन व्रीलँडची मुलगी डिलेनी अकरावीत होती, शाळेच्या संघातून कुस्ती खेळायची आणि घरी येऊन भरपूर जेवायची. सगळं सुरळीत चाललं होतं. एका रविवारी चर्चमधल्या जेवणात शेजारच्या बाईंनी ताटात बटाटे वाढता वाढता ड्वेनला विचारलं, "डिलेनीचा सल्लागार कोण हो?"

"कसला सल्लागार?"

बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्यानं पोरीला अजून शाळेतच घातलं नव्हतं. "अहो, कॉलेजच्या संघात निवड काय आपोआप होते? आमच्या पोरीला तर नववीपासून आहे!"

त्याच आठवड्यात क्लिंट हॅगर्टी व्रीलँडांच्या घरी दाखल झाला. शाळकरी खेळाडूंना कॉलेजच्या प्रशिक्षकांच्या नजरेत भरवणं हा त्याचा धंदा.

"पोरगी खेळते चांगली," डिलेनीची आई रोंडा म्हणाली.

"खेळण्याचं मागाहून बघू. दिसते कशी?"

आधी चित्रफीत तयार झाली. तीत प्रतिस्पर्ध्यांनी केलेलं सगळं कापून टाकल्यामुळे, त्या मुली केवळ आपटून घ्यायला लांबून आल्यासारख्या दिसत होत्या. पण क्लिंटचं समाधान होईना.

"कॉलेजांना संघर्ष लागतो. घरात काही दुःख?"

नवराबायको ओशाळून एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी ड्वेन म्हणाला, "मागे वादळात शेडचं दार उडालं होतं."

"कुणाला लागलं?"

"छे! शेजाऱ्याच्या मक्यात पडलं होतं. उचलून आणलं."

"डिलेनीनं?"

"एका बाजूनं धरलं होतं तिनं."

क्लिंटचे डोळे पाणावले. त्या संध्याकाळी सूर्य कॅमेऱ्याच्या सोयीच्या जागी येईपर्यंत डिलेनी पाठीवर दार घेऊन मक्यातून येरझाऱ्या घालत राहिली.

फिती रवाना झाल्या. कॉलेजांची उत्तरं आली: 'आमचं तुमच्यावर लक्ष आहे.' ती संगणक आपणहून पाठवतो हे ड्वेनला ठाऊक नव्हतं. तो अंगणातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून फिरू लागला. एका कॉलेजला हलक्या वजनगटातली मुलगी हवी होती, दुसऱ्याला भारी. म्हणून डिलेनीची न्याहारी पहिल्या कॉलेजच्या धोरणानुसार आणि रात्रीचं जेवण दुसऱ्याच्या धोरणानुसार होऊ लागलं.

शाळेचे प्रशिक्षक ऑस्टरबर्ग सर एकदा घरी आले. "पोरगी सरावाला येत नाही."

"सर, कुस्तीत निवड व्हायचीय तिची," रोंडा म्हणाली. "कुस्ती खेळायला वेळ कुठाय तिला?"

तरीही डिलेनी जिल्ह्याच्या अंतिम फेरीत पोचली. समोर होती कोरा स्टेनसन. दोघीही त्या वर्षी एकही कुस्ती हरलेल्या नव्हत्या. दोन कॉलेजांचे प्रशिक्षक खास बघायला आले. आम्ही सगळं गाव मक्याच्या लाह्यांचे पुडे घेऊन बसलो. क्लिंटनं ड्वेनला कोपऱ्यात ओढलं.

"उतरवू नका तिला. आज हरली तर जन्मभराचा डाग. कॉलेजांना अपराजित मुलगी हवीय, आणि न खेळणारी कशी हरेल?"

युक्तिवाद बिनतोड होता. फक्त तो कोराच्या सल्लागारालाही सुचला होता.

पंच गादीवर एकटेच उभे राहिले. त्यांनी दोन्ही नावं पुकारली. कुणी आलं नाही. नियमानुसार त्यांनी पुन्हा पुकारली, मग कंटाळून स्वतःशीच मान हलवली. पाहुणे प्रशिक्षक मात्र रिकाम्या गादीकडे एकटक बघत होते. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "काय संयम आहे पोरींचा!"

पोरी व्यायामशाळेच्या मागच्या हिरवळीवर होत्या.

"तुला पण खेळू नको म्हणाले?" कोरानं विचारलं.

"हो ना. तुझी पकड भारी आहे म्हणे?"

"ये की बघायला!"

पुढचा अर्धा तास तिकडे आम्ही कुणीच फिरकलो नाही. डिलेनी परतली तेव्हा केसांत गवत, कान लालबुंद, आणि चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं हसू.

"बाबा, काय कुस्ती झाली! आयुष्यात अशी खेळले नव्हते!"

ड्वेनच्या तोंडचं पाणी पळालं. "कुणी चित्रण केलं?"

"नाही."

"देवा, वाचलो!"

दोघींचीही निवड झाली. शाळेच्या सभागृहात केक कापला, नव्या कॉलेजच्या टोप्या घातल्या, ड्वेन रडला. मी स्वतः क्लिंटचा फोन नंबर घेतला. माझी पुतणी यंदा पाचवीत गेलीय. तुमच्याही घरात कुणी असेलच, त्याशिवाय निवड झाली की नाही हे बघायला तुम्ही इथवर वाचत आला नसता. त्या दिवशी हिरवळीवर कोण जिंकलं, हे मात्र डिलेनीला आजवर कुणी विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.