दोष क्रमांक सात

रहाळकर लिफ्टमध्ये शिरले की आम्ही बाकीचे भिंतीला पाठ लावून उभे राहतो. कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या दरम्यान त्यांच्या हातातली छत्री हमखास वर जाते. पाय खांद्याइतके फाकतात, गुडघे किंचित वाकतात, नजर लिफ्टच्या फरशीवरच्या एका डागावर खिळते आणि छत्री सपकन खाली येते. या छत्रीने आजवर दुधाची एक पिशवी फोडली आहे, माझा चष्मा उडवला आहे आणि पाचव्या मजल्यावरच्या कुलकर्णी आजोबांना जिना चढायची सवय लावली आहे. त्यांच्या डॉक्टरांना ते वीस वर्षांत जमलं नव्हतं. चष्मा फुटला तेव्हा रहाळकरांनी काचांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही माझ्या स्विंगच्या रेषेत उभे होता." माफी वगैरे मागायची पद्धत आमच्याकडे नाही.

वसंतराव रहाळकर म्हणजे आमचे शेजारी. सहकारनगरात चौथ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर आहे, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला थोडं दिसतं आणि आमच्या घरातलं त्यांना जरा जास्तच दिसतं. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या मंडळींनी नातवंडं, हास्यक्लब, होमिओपॅथी असे रीतसर मार्ग धरले. रहाळकरांनी गोल्फ धरला. कात्रजच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी काही हौशी लोकांनी नऊ होलचं एक लहानसं मैदान केलं आहे. दर रविवारी सकाळी ते स्कूटरवरून तिकडे निघायचे. मागे त्यांच्या पत्नी सुमनताई, आणि सुमनताईंच्या मांडीवर क्लबांची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, लांबलचक पिशवी, तंबोऱ्यासारखी उभी धरलेली. नवख्या माणसाला वाटायचं, नवराबायको गाण्याच्या मैफलीला निघालेत.

गोल्फ खेळून रहाळकर खेळाडू झाले की नाही ते मला सांगता येणार नाही, पण परीक्षक मात्र झाले. हौशी गोल्फ खेळणाऱ्याचे एकूण सात दोष असतात, असा त्यांचा सिद्धांत. सातही त्यांनी क्रमांक घालून पाठ केलेले. आणि हे दोष फक्त मैदानावर असतात असं समजणारा माणूस त्यांच्या मते भाबडा. "अहो, माणूस सगळीकडे हौशीच असतो," ते म्हणतात. "संसारात, नोकरीत, स्वयंपाकात. मग दोष वेगळे कुठून आणणार?"

एकदा माझी बायको नारळ खवत होती. दार उघडं होतं. रहाळकर उंबऱ्यात येऊन दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले, "वहिनी, दोष क्रमांक एक. पकड फार घट्ट आहे. मनगट सैल सोडा, खांद्यातून येऊ द्या."

"भाऊजी," ही मान वर न करता म्हणाली, "नारळ मी फोडलाय. आता तुम्ही डोकं फोडू नका."

रहाळकर गेले. पण तेव्हापासून ही नारळ सैल मनगटाने खवते आणि पूर्वीपेक्षा लवकर होतो, हे तिने मला शपथ घालून सांगितलं आहे. त्यांना कळता कामा नये.

सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी भराभरा अहवाल वाचायला लागले की मागच्या रांगेतून आवाज येतो, "दोन! घाई!" मी गाडी मागे घेताना फाटकाला घासली आणि फाटकालाच शिव्या घातल्या, तेव्हा गॅलरीतून त्यांनी नुसती सहा बोटं दाखवली. सहावा दोष म्हणजे आपलं खापर हत्यारावर फोडणे. सोसायटीतल्या सगळ्यांना आता क्रमांक पाठ आहेत. आमचा पेपरवालासुद्धा चुकून दुसऱ्याचा पेपर टाकला की "तीन नंबर झाला साहेब, उजवीकडं गेला" म्हणतो.

कळस झाला तो कुलकर्ण्यांच्या नातीच्या लग्नात. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, आणि हार घालायच्या क्षणाला मामाने मुलीला नेहमीप्रमाणे उचलून धरलं. नवरामुलगा बेताच्या उंचीचा. त्याने टाचा उंचावून हार फेकला तो गुरुजींच्या खांद्यावर. कार्यालयात हशा पिकायच्या आत तिसऱ्या रांगेतून रहाळकर ओरडले, "कमी पडला! दोष क्रमांक पाच! अहो, पुढे गेला तर परत मारता येतो, पण आधी पोचू तर द्या!" मुलाने ते इतकं मनावर घेतलं की दुसऱ्या खेपेला हार मुलीच्या डोक्यावरून पलीकडे गेला आणि मामाच्या गळ्यात पडला. घटकाभर मामाच विवाहित दिसत होते. त्या फोटोची एक प्रत रहाळकरांनी मागून घेतली आहे आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे, "अंतराचा अंदाज".

हे सगळं चाललेलं असताना सुमनताई शांतपणे हसत असायच्या. त्या स्वतः कधी खेळल्या नाहीत. त्यांच्याकडे होती ती नजर. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून कोपऱ्यावर वळलेली स्कूटर कुणाची ते त्या सांगायच्या. खाली मुलांचा क्रिकेटचा चेंडू हरवला की मुलं झुडपं तुडवत बसत नसत, वर बघून ओरडायची, "काकू, बॉल?" आणि वरून पोस्टाच्या पत्त्यासारखा पत्ता यायचा. "पाण्याच्या टाकीच्या मागे, मोगऱ्याची दुसरी कुंडी, आतल्या बाजूला." तो चेंडू तिथेच असायचा.

अडीच वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या दुखण्याने सुमनताई गेल्या.

रहाळकर तीन रविवार घरात बसले. चौथ्या रविवारी पिशवी घेऊन एकटेच रिक्षाने मैदानावर गेले. सोमवारी लिफ्टमध्ये छत्री उठली आणि आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. माणूस सावरला असं आम्ही एकमेकांना सांगितलं आणि पुन्हा भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. त्यापलीकडे काही बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, आणि माझं दार तर समोर होतं.

त्यानंतर केव्हातरी सातव्या दोषाचा बोलबाला सुरू झाला. सातवा दोष म्हणजे मान वर करणे. गोल्फमध्ये म्हणे फटका मारून होईपर्यंत, आणि झाल्यावरही क्षणभर, नजर खालीच ठेवायची असते. चेंडू कुठे गेला हे बघायच्या उतावळेपणात मान उचलली की खांदा उठतो, क्लब उठतो आणि चेंडूच्या डोक्यावर नुसती टपली बसते. हा दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता, खुद्द रहाळकरांचा होता आणि ते तो लपवत नसत. "सहा जिंकले, सातव्याने मारलं," असं ते लिफ्टमध्ये ज्याला त्याला सांगत.

त्यांनी उपाय काय कमी केले? मानेच्या दुखण्याला लावतात तो पट्टा बांधून खेळून पाहिलं. त्याने मान वर जाईना, पण खालीही जाईना, त्यामुळे चेंडूच दिसेना. मग बुटांच्या चवड्यांवर पांढऱ्या रंगाने एकावर "मान" आणि दुसऱ्यावर "खाली" असं रंगवलं. बूट उलटे घातले तरी अर्थ तोच राहतो, हे त्यांनी मला मुद्दाम पाय अदलाबदल करून दाखवलं.

सगळ्यात जालीम उपाय सुतळीचा. सुतळीचं एक टोक टोपीला, दुसरं पँटच्या पट्ट्याला. मान उचलली की सुतळीने ओढून धरायची, अशी योजना. हा प्रयोग त्यांचे खेळातले जोडीदार शेखसाहेब यांच्या साक्षीने झाला. शेखसाहेबांचं कॅम्पात घड्याळांचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून ते तिळाएवढा स्क्रू बसवतात, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे वीस पावलांवरचा चेंडू त्यांना दिसत नाही. तर रहाळकरांनी फटका मारला, मान उठली, टोपी सुतळीने धरून ठेवली ती नाकावर उतरली, क्लब जमिनीत घुसला आणि ढेकूळ उडालं ते थेट शेखसाहेबांच्या चहाच्या कपात. शेखसाहेबांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आज आलं जरा जास्त पडलंय." ही हकिकत रहाळकर स्वतःच सांगतात आणि सांगताना इतके हसतात की लिफ्ट चौथ्या मजल्यावर येऊन परत खाली जाते.

मी एकदा सुचवलं की तिथे चेंडूवर लक्ष ठेवायला माणूस मिळत असेल, तो का घेत नाही? "मिळतो," रहाळकर म्हणाले. "तो मोबाइलवर लक्ष ठेवतो."

मागच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली. डॉक्टर म्हणाले, चालाल उत्तम, खेळण्याचं नंतर बघू. त्या "बघू"चा अर्थ रहाळकरांना कळला. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी त्यांनी आमची बेल वाजवली. "गाडी काढा. नवव्या होलला तळं आहे. ते एकदा पार करायचंय आणि मग गुडघा त्यांच्या ताब्यात द्यायचाय. आज नाही झालं तर राहिलंच." एरवी मी रविवारी आठच्या आत डोळे उघडत नाही. पण त्यांनी छत्री आणली नव्हती, याचंच मला काहीतरी वाटलं आणि मी गाडी काढली.

मैदानावर शेखसाहेब थर्मास घेऊन हजर होतेच. आठ होल कसे गेले ते मला समजलं नाही. बराच वेळ आम्ही तिघं गवतात वाकून काहीतरी शोधत होतो, एवढं आठवतं. मग नववा आला. समोर मध्यम आकाराचं तळं, पलीकडे हिरवळ, हिरवळीच्या कडेला दोन बाभळी. मारायच्या जागेच्या बाजूला एक पांढरा दगड आणि एक बाक.

पहिला चेंडू, मान वर, डुबुक. दुसरा चेंडू, मान वर, डुबुक.

"दोष क्रमांक सात!" मी मोठ्याने म्हणालो. त्यांच्याच थाटात. मला वाटलं, हसतील.

रहाळकर हसले नाहीत. क्लब टेकवून बाकावर जाऊन बसले आणि गुडघा चोळायला लागले. शेखसाहेबांनी मला कोपराने बाजूला घेतलं.

"तुम्हाला माहीत नसेल," ते हळू आवाजात म्हणाले. "हे तळं यांनी पूर्वी कितीदा पार केलंय. सात नंबर यांच्यात नव्हताच. तो वहिनी गेल्यापासूनचा आहे."

हळू आवाज रहाळकरांना बरोबर ऐकू जातो. ते बाकावरूनच बोलले. "ती त्या पांढऱ्या दगडाशी उभी राहायची. मी मारायचो आणि खाली बघूनच विचारायचो, गेला कुठे? ती सांगायची. वर बघणं हे माझं काम नव्हतंच कधी." मग म्हणाले, "आता मी नाही बघितलं तर कोण बघणार, सांगा ना."

सातव्या दोषावर इतके दिवस आम्ही सगळे हसत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली. मी जाऊन त्या पांढऱ्या दगडाशी उभा राहिलो.

"रहाळकर, उठा. तुम्ही खाली बघा. मी बघतो."

"तुम्हाला दिसणार आहे का?"

"नवा चष्मा आहे. जुना तुम्ही फोडलात."

ते उठले. पिशवीतून तिसरा चेंडू काढला, धोतराच्या टोकाने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला आणि ठेवला. पाय फाकले, गुडघे वाकले. लिफ्टमध्ये शेकडो वेळा पाहिलेला तो स्विंग मी पहिल्यांदा नीट पाहिला. क्लब वर गेला, खाली आला, खट्कन आवाज झाला. चेंडू उडाला आणि मी डोळे ताणून त्याच्या मागे लागलो. उन्हात तो एकदा हरवला, पुन्हा सापडला. डुबुक झालं नाही.

रहाळकरांची मान खालीच होती. रंगवलेल्या बुटांकडे बघत त्यांनी विचारलं, "गेला कुठे?"

जन्मात कुणाला इतका काळजीपूर्वक पत्ता सांगितला नसेल. "पाण्याच्या पलीकडे," मी म्हणालो. "डावी बाभूळ. बुंध्याच्या अलीकडे दोन हात, गवतात. पांढरा दिसतोय."

शेखसाहेबांना काहीच दिसलं नव्हतं, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. रहाळकर मात्र तसेच उभे. क्लब खांद्यावर, नजर खाली.

"झालं, रहाळकर," मी म्हणालो. "आता मान वर केलीत तरी चालेल."

"थांबा जरा," ते म्हणाले. "एवढ्यात नको."

आम्ही थांबलो. शेखसाहेबांनी थर्मास उघडून तीन कपांत चहा ओतला, आणि मी त्या बाभळीवरची नजर हलू दिली नाही.